एका तुळईखाली

रविवार, १८ जानेवारी

आज मापं झाली. चर्चमागच्या कोठारात बेनितो मुकादमानं आम्हा सगळ्या जणींना भिंतीशी उभं केलं आणि एकेकीच्या टाचेपासून मानेच्या हाडापर्यंत पट्टी लावली. डोक्यापर्यंतच्या उंचीशी त्याला देणंघेणं नसतं. वजन मानेवर येतं, म्हणून माप मानेपर्यंतच. एका तुळईखाली पाच जणी, आणि पाचही जणींचं माप एक पाहिजे. त्यात एखादी बोटभर बुटकी निघाली तर तिच्या वाटचं ओझं शेजारणीच्या मानेवर जातं.

गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत दुःखी मातेचं, म्हणजे मरियेच्या मूर्तीचं, मखर मी सोळा वर्षं वाहते आहे. सगळ्यांत पुढची तुळई, उजवीकडून दुसरी जागा. माझ्या उजव्या हाताला, कोपऱ्यावर, पेत्रा असायची. यंदा तिच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. बेनितोनं कोपऱ्यासाठी नवं नाव वाचलं तेव्हा मला वाटलं माझ्या कानांनीच घोटाळा केला. एलविरा. माझी धाकटी बहीण.

तीस वर्षं ती उत्तरेत होती, बिल्बावला. सप्टेंबरात नवऱ्याशी काडीमोड घेऊन गावात परत आली आणि तेलघाण्याच्या रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर जागा घेऊन राहिली. एकदा बेकरीत समोरासमोर आलो तेव्हा तिनं 'सेली' म्हणून हाक मारली. मी पाव घेतला आणि निघाले.

बेनितोनं तिच्या मानेला पट्टी लावली, मग माझ्या, मग परत तिच्या. "रेसभरही फरक नाही," तो खूष होऊन म्हणाला. "एका साच्यातल्या आहेत दोघी."

"साचा एकच," रुफीना माझ्या डाव्या कानाशी म्हणाली. "पण एक भाजताना करपली." रुफीना मासे विकते आणि तिची जीभ तिच्या सुरीसारखीच चालते. मी हसले. मग कोण करपली हे तिनं सांगितलं नाही, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

शाळेच्या स्वयंपाकघरातली एक कोरी वही घेऊन आले आहे. हे पाद्रीबाबांना सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते. देवानं तिला माझ्या हाताला आणून उभं केलं आहे ते उगाच नाही. त्या तुळईखाली मी तिला वाकवणार आहे. सगळ्या गावासमोर.

रविवार, २५ जानेवारी

रुफीना विचारत होती, इतका राग कसला. मी म्हटलं, तुझी आई नऊ वर्षं अंथरुणावर होती का? नव्हती ना? मग मासे वीक.

आईला उजव्या अंगाचा झटका आला तेव्हा तिचं वजन एक्क्याऐंशी किलो होतं. रोज सकाळी उचलून खुर्चीत, दुपारी खुर्चीतून पलंगावर, दर तीन तासांनी कुशीवर. माझी कंबर त्यात गेली, माझे सगळे रविवार त्यात गेले. ज्या माणसाशी माझं ठरत होतं तो दोन वर्षं थांबला आणि मग दुसरीशी लग्न करून मोकळा झाला. आणि एलविरा दर रविवारी जेवणानंतर फोन करायची. "कसं चाललंय?" मी म्हणायचे, "ठीक." दुसरं काय म्हणणार? जिला कळायचं असतं तिला 'ठीक' या शब्दावरूनसुद्धा कळतं.

नऊ वर्षांत ती अकरा वेळा आली. मी मोजून ठेवलंय. यायची, चार दिवस राहायची, आईला उलटं-सुलटं करायची, उशी भलतीकडे ठेवायची. मग मीच तिच्या हातातून काढून घ्यायचे आणि नीट करायचे. ती गेली की आई रडत बसायची आणि माझं डोकं असं चढायचं की दोन दिवस तोंडातून शब्द फुटत नसे. शेवटची अडीच वर्षं तर ती आलीच नाही. आली ती थेट दफनाला, काळ्या कोटात.

घरातला वाटा तिनं कधी मागितला नाही. तेही मला लागलं. जणू काही दान करते आहे.

रविवार, ८ फेब्रुवारी

पहिली तालीम. मातेऐवजी मखरावर वाळूच्या गोण्या. गावाबाहेरच्या रस्त्यानं, सकाळच्या उन्हात.

तालीम म्हणजे शेवटी उचलण्याचीच. आम्ही पंचवीस जणी गुडघे दुमडून तुळयांखाली शिरतो, मानेवरची चुंबळ तुळईला भिडवतो. बेनितो बाहेरून लोखंडी कडीचे तीन ठोके देतो. तिसऱ्या ठोक्याला पंचवीस जणींनी एका झटक्यात उसळी मारून सरळ व्हायचं. एका झटक्यात, म्हणजे खरोखर एका. शेजारीण निमिषभर मागे राहिली तर तिचा धक्का आपल्या मणक्यावर येतो. सोळा वर्षांत मला तो दोनदा बसलाय. डोळ्यांपुढे पांढरं होतं.

आज मी ठोक्याबरोबरच उठले. फक्त तिचं पाहत होते. ती तुळईला दोन्ही हातांनी धरते, नवशिक्या धरतात तशी. श्वास तोंडानं घेते. तिच्या अंगाला आईच्या साबणाचा वास येतो. तोच साबण अजून मिळतो हे मला माहीत नव्हतं.

रविवार, १५ फेब्रुवारी

आज केलं.

तिसऱ्या ठोक्याला मी मनात 'एक' म्हटलं आणि मग उठले. तेवढंच. बाहेरून कुणाला दिसत नाही, बेनितोलाही नाही, कारण मखर वर गेलेलं असतं. पण माझ्या उजव्या बाजूनं तिच्या मानेत वजन उतरलेलं मला तुळईतूनच कळलं, जसं दोरीतून बालदी भरल्याचं कळतं. तिचा श्वास अडकला. मग ती चालायला लागली. हूं नाही की चूं नाही.

चालतानाही जमतं. गुडघे जरासे सैल सोडायचे, करंगळीच्या जाडीएवढे. की माझा भार तिचा.

घरी येऊन मसुराची आमटी केली आणि दोन वाट्या जेवले. किती महिन्यांनी अशी भूक लागली होती.

रविवार, १ मार्च

तीन रविवार झाले. दर वेळी पाच-सहा ठोके मी उशिरा घेते, सगळे नाही. सगळे घेतले तर रुफीनाला कळेल, ती माझ्या डाव्या हाताला आहे.

आज विसाव्याला आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो होतो. सगळ्या संत्री सोलत होत्या. एलविरा माझ्याजवळ येऊन बसली. मानेवर तिच्या पाव भाजल्यासारखा लाल पट्टा उठला आहे.

"पाठ कशी आहे तुझी?" तिनं विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"सहज विचारलं. दुखत असेल तर बेनितोला सांगूया, मागच्या तुळईला हलकं असतं."

"माझी जागा सोळा वर्षं हीच आहे," मी म्हटलं. "मी जागा सोडून जाणाऱ्यांतली नाही."

तिनं अर्धं संत्रं माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. तिनं ते परत आपल्या संत्र्याला चिकटवल्यासारखं करून रुमालात ठेवून दिलं.

ही तिची जुनीच तऱ्हा. आईच्या तिसऱ्या वर्षी तिनं बिल्बावहून एक यंत्र पाठवलं होतं, माणूस झोळीत घालून उचलायचं. दोन माणसं घेऊन आली, जोडून द्यायला. मी त्यांना दारातून परत पाठवलं. माझी आई काय सिमेंटची गोणी आहे? आई पलंगावरून विचारत होती, कोण आलंय, काय आणलंय. मी म्हटलं, पत्ता चुकले. एलविरानं त्या रविवारी फोनवर विचारलं, मिळालं का. मी म्हटलं, ठीक आहे सगळं.

यंत्र पाठवून हात झटकायला कुणालाही जमतं.

रविवार, २२ मार्च

शेवटची तालीम. आज गोण्या पूर्ण वजनाच्या, शिवाय चांदीचे खांब. एका मानेवर चाळीस किलो.

तिसरी की चौथी उचल होती. मी मनात 'एक' म्हटलं, आणि का कोण जाणे, 'दोन'ही म्हटलं. एलविराच्या तोंडून आवाज आला. ओरडणं नव्हे. झोपेत माणूस करतं तसा काहीतरी. रुफीना म्हणाली, "काय झालं गं?" एलविरा म्हणाली, "पाय मुरगळला. चला."

तालमीनंतर कॉफी पिताना तिनं कप डाव्या हातानं धरला. उजवा मांडीवर ठेवून दिला होता, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा. मी समोरच्या टेबलावरून पाहत होते.

मला बरं वाटलं. लिहितेच खरं ते. आईला उचलून माझा हात असाच मुंगळे चावल्यासारखा व्हायचा. आता तिला कळलं असेल. आणि तरी कॉफी अर्धी टाकून मी घरी आले.

रविवार, २९ मार्च

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. चर्चमध्ये ती माझ्यापुढे दोन ओळींवर होती. क्रूसाची खूण करायला तिचा उजवा हात कपाळापर्यंत गेला नाही. छातीशीच तिनं ती खूण उरकली.

ती स्वतःहून बाजूला होईल, बेनितोला सांगेल, असं मला वाटलं होतं. मग शुक्रवारी तिच्याशिवायच वाहायचं, आणि माझं राहून जायचं. पण तिनं कुणालाही काही सांगितलं नाही. बरंच झालं. मिरवणुकीच्या वाटेवरची विहिरीची चढण मी ठरवून ठेवली आहे. तिथे दोन्ही बाजूंना सबंध गाव उभं असतं.

शनिवार, ४ एप्रिल

काल झालं. सकाळपासून लिहायला बसते आहे आणि उठते आहे. जसं झालं तसं लिहिते.

संध्याकाळी पाचला चर्चचं दार उघडलं. दार बुटकं आहे, मखराचं छत त्यातून जात नाही, म्हणून तिथे आम्ही पंचवीस जणी गुडघ्यांवर रांगत मखर बाहेर काढतो. एलविरा डाव्या हातावर रांगत होती. चौकात आलो, उभ्या राहिलो, बँड सुरू झाला. मखराला चहूबाजूंनी लावलेल्या पडद्यांआड आम्हाला काही दिसत नाही, फक्त खालच्या फटीतून लोकांचे बूट. मेणाचा वास, घामाचा वास, कुणीतरी घेतलेल्या बडीशेपेच्या दारूचा वास. बाहेर बेनितोचा आवाज, "सगळ्या सारख्या, पोरींनो. हळू. सगळ्या सारख्या."

विहिरीच्या चढणीला लागलो आणि मी गुडघे सैल सोडले. करंगळीएवढे नव्हे. चांगले दोन बोटं.

"उजवा कोपरा," बेनितो बाहेरून म्हणाला. "उजवा कोपरा खाली जातोय."

एलविरानं दात खाऊन मान वर रेटली. मला ते ऐकू आलं, दात. कोपरा वर आला. दहा पावलांनी मी पुन्हा सोडलं.

"उजवा कोपरा. एलविरा, झेपत नाहीये का?"

"झेपतंय," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा सोडलं तेव्हा मखर इतकं कललं की वरच्या मेणबत्त्या एकमेकींवर आपटल्या आणि गर्दीतून बायकांचा आवाज उठला. बेनितोनं ठोका देऊन मखर टेकवलं आणि पुढचा पडदा वर केला. एकदम ऊन आत आलं. पाहिलं तर समोर सगळं गाव. फार्मसीवाली, शाळेतल्या बाया, पाद्रीबाबा, बापांच्या खांद्यांवर ओळीनं मुलं.

"बाहेर ये, बाई," बेनितो म्हणाला. चढ्या आवाजात नाही, पण सगळी चढण गप्प होती, सगळ्यांना ऐकू गेलं. "तू अंग चोरते आहेस. या चोवीस जणींच्या माना मोडायच्या आहेत का तुला?"

मी वाट पाहत होते, ती माझं नाव घेईल. तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं असं मला वाटतं, पण तेवढा वेळ असणं शक्य नाही. मग म्हणाली, "बरं."

आणि बाहेर गेली. चुंबळीची गाठ तिला सुटेना. उजवा हात वरच जाईना. बेनितोनंच ती सोडली, दुसरीकडे बघत. गर्दीतली एक बाई म्हणाली, "बाहेरून आलेल्यांना काय जमणार हे." ती त्यांच्यामधून वाट काढत खाली गेली. पडदा परत खाली आला होता, फटीतून मला फक्त तिचे बूट दिसले. तिचे बूट कुणाच्या वाटेत येत नव्हते, सगळे आपण होऊन सरकत होते.

राखीवातली एक जण कोपऱ्यावर आली. तिचं माप बोटभर कमी, त्यामुळे पुढचे साडेतीन तास तिच्या वाटचं ओझं माझ्यावर होतं. मी ते वाहिलं. वाहताना जीव गार झाला होता. हुबेहूब जे हवं होतं ते मिळालं, मी न पाडता, न ढकलता, तिच्यावर बालंट आलं आणि ती तोंड न उघडता गेली.

ती बोलली का नाही?

सकाळी तोरिहास तळले, पावाचे, मधातले. कुणासाठी ते कळेना. ताट झाकून ठेवलंय.

सोमवार, ६ एप्रिल

ती बोलली का नाही, हे मला तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. गेले. तीन मजले.

दार तिनं डाव्या हातानं उघडलं. गळ्याला डॉक्टरचा पट्टा. घरात दोन खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर काही नाही.

"बस," ती म्हणाली.

मी बसले नाही. "तू नाव का घेतलं नाहीस?"

"कशाबद्दल?"

"तुला माहीत आहे कशाबद्दल."

"पंधरा फेब्रुवारीपासून माहीत आहे," ती म्हणाली. "आधी वाटलं तुझी कंबर दुखतेय. म्हणून तर विचारलं. तू जे उत्तर दिलंस त्यावरून कळलं की कंबर नाही."

"आणि तरी येत राहिलीस."

"वाटलं, तिनं नऊ वर्षं एकटीनं उचललंय. माझ्याच्यानं सहा रविवार आणि एक शुक्रवार होईल."

"संत बनू नकोस माझ्यापुढे."

"संत कसली. मला इतका राग होता की चढणीवर मी मनात तुला शिव्या मोजत होते. पण नाव घेतलं असतं तर बेनितोनं तुला काढलं असतं, आणि मग तू पुढची वीस वर्षं गावभर सांगत फिरली असतीस की एलविरानं मखराखालची जागासुद्धा ठेवली नाही. ते ऐकण्यापेक्षा मान गेलेली परवडली."

मला हसू येणार होतं. येऊ दिलं नाही. म्हटलं, "अकरा वेळा आलीस तू. नऊ वर्षांत अकरा."

"बाराव्यांदा तिकीट काढलं होतं. आईनं नको म्हटलं."

"खोटं."

"तू बाजारात गेली होतीस तेव्हा तिनं शेजारणीकडून फोन लावून घेतला. म्हणाली, पोरी, तू येऊ नकोस. तू येऊन गेलीस की सेली दोन-दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. कूस बदलते, पुसते, भरवते, सगळं करते, पण बोलत नाही. मला भीती वाटते, म्हणाली."

"खोटं बोलतेस," मी म्हटलं.

"मग मी काय करायला हवं होतं, सांग ना. येऊन तिचे दोन दिवस घ्यायचे, की न येऊन तुझ्या शिव्या घ्यायच्या? मी शिव्या घेतल्या."

मी निघून आले.

मंगळवार, ७ एप्रिल

ती खोटं बोलते आहे. मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं. आई मला भ्यायची? मी तिच्या अंगाला नऊ वर्षांत एक जखम होऊ दिली नाही. डॉक्टर विद्यार्थ्यांना सांगायचा, अशी शुश्रूषा बघा.

बुधवार, ८ एप्रिल

शेजारणीला विचारलं. ती भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "हो, लावून दिला होता फोन. तू विचारशील असं वाटलंच नव्हतं कधी."

दोन दिवस नव्हे. कधी कधी तीनही असायचे.

शनिवार, ११ एप्रिल

बेनितोच्या मटणाच्या दुकानात गेले. गिऱ्हाईकं होती, रुफीनाही होती. ती गेल्यावर सांगू असं म्हणत होते, पण मग मी कधीच सांगितलं नसतं.

"चढणीवर अंग मी चोरलं," मी म्हटलं. "एलविरानं नाही. फेब्रुवारीपासून मीच."

तो खिमा करत होता. यंत्र त्यानं बंद केलं नाही. ताटली भरू दिली. मग यंत्र बंद करून हात पुसले.

"मुद्दाम?"

"हो."

"मी सगळ्या गावासमोर तिला अंगचोर म्हटलं, आरासेली."

"माहीत आहे."

"तुला माहीत आहे. आणि तू वर माझ्या आवाजावर पुढे साडेतीन तास चाललीस." त्यानं एप्रन काढून टेबलावर ठेवला. "चोवीस जणींच्या माना होत्या त्या लाकडाखाली. तुझ्या बहिणीची एकटीची नव्हती. रुफीनाची होती. आता घरी जा. चुंबळ कोठारात आणून ठेव. पुन्हा मापाला येऊ नकोस."

"बरं," मी म्हटलं.

मी बाहेर पडले. दुकान तसंच गिऱ्हाइकांवर टाकून तो माझ्यामागून बाहेर आला आणि तेलघाण्याच्या रस्त्याकडे वळला. तिच्याकडेच गेला असणार.

पुढे रस्त्यात रुफीना दिसली, मी हात केला. तिनं टोपली या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि रस्ता ओलांडला.

सोळा वर्षं. चुंबळ धुवून, वाळवून, घडी करून दिली. कोठारात ती टांगायला माझ्या नावाची खुंटी आहे. तिथे टांगली नाही, पेटाऱ्यावर ठेवली.

रविवार, १९ एप्रिल

आठवडाभर कुणी बोलत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात बाया मी आले की पातेली जोरानं ठेवतात. जेवणाच्या टेबलावर मी एका टोकाला. तक्रार नाही, नुसतं लिहिते. राग मात्र अजून कुणावर करायचा ते ठरत नाही. सकाळी उठले की आधी एलविरावर येतो, सवयीनं.

दुपारी तेलघाण्याच्या रस्त्यानं गेले. मुद्दाम गेले, दुसरं काम नव्हतं. तिच्या इमारतीच्या दारात भरलेली गॅसची टाकी उभी, आणि शेजारी एलविरा, गळ्यात पट्टा, टाकीकडे अशी पाहत की जणू ती आपण होऊन जिना चढेल.

"टाकीवाल्याची पाठ धरलीय," ती म्हणाली. "त्यानं इथेच ठेवली."

"बाजूला हो," मी म्हटलं आणि टाकी उचलायला वाकले.

"एकटीनं नाही. कडीची एक बाजू मी धरते."

"तुझा हात..."

"डावा चांगला आहे. धर."

धरली. ती एका पायरीनं वर, मी खाली. पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या निम्म्यात ती थांबली.

"तू सगळं तुझ्याकडे घेते आहेस," ती म्हणाली. "माझ्या हातात काही येतच नाहीये. मी नुसती कडीला हात लावून चालले आहे."

"तुझी मान गेलीय."

"कुणामुळे गेली ते मला माहीत आहे. दे माझ्याकडे थोडं."

"नको."

"सेली, दे म्हटलं ना. नाहीतर ठेव खाली आणि जा घरी."

मी माझी बाजू जराशी वर केली, म्हणजे तोल तिच्याकडे जाईल. तिच्या दंडाची शीर उठली. मला वाटत होतं आत्ता हातातून काढून घ्यावं. कितीदा वाटलं. पायऱ्या अठरा होत्या उरलेल्या. आईचे नऊ वर्षांतले दिवस मला एकेक आठवत नाहीत, पण या अठराही आठवतात.

वर पोचल्यावर ती दाराला टेकून धापा टाकत राहिली. मग म्हणाली, "मी तुला माफ केलेलं नाही."

"मी मागितलेली नाही."

"ठीक आहे मग."

तिनं मला आत बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही. मी टाकी ढकलत शेगडीखाली नेली आणि रेग्युलेटरचं बटण बसवायला वाकले.

"तसं नाही," ती मागून म्हणाली. "वाकडं लावते आहेस. या टाकीचं वेगळं असतं. मला दे."

डाव्या हातानं ते कुणालाच पटकन जमत नाही. पहिल्यांदा निसटलं. दुसऱ्यांदा बसल्यासारखं वाटलं आणि वर आलं. तिसऱ्यांदा तिच्या तोंडून शिवी गेली, आईच्या तोंडची. मी दोन्ही हात पाठीमागे धरून भिंतीला टेकून उभी राहिले आणि हलले नाही.

चौथ्यांदा टक् असा आवाज आला. तिनं काडी ओढली, ज्योत पेटली. ती कॉफीचं भांडं शोधायला लागली.